समुद्र न ओलांडता आलेले पैसे

तीर्थरूप आत्यास,

आम्हा दोघांचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? ताईकडे जिने चढावे लागत नाहीत, त्यामुळे बरे असतील असं धरून चालतो. (नसतील तर ताईला सांग, मला सांगून उपयोग नाही, मी नुसता हळहळतो.) तुझ्या घराची आम्ही नीट काळजी घेतो आहोत. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला. तो आपणहून थांबला, पण श्रेय मी घेतलं आहे.

पत्राचं कारण म्हणजे मी सध्या थक्क आहे, आणि या घरात थक्क होणारा मी एकटाच असल्यामुळे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं काम तुला ठाऊक आहेच. (नातेवाइकांना तू ‘तो दिवसभर लोकांचे दात बघत बसतो’ असं सांगतेस, आणि ते खरंही आहे.) सातासमुद्रापार दातांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्या पेशंटच्या दाढेचं चित्र पाठवतात, मी तिच्यावर बसणारी कॅप कॉम्प्युटरवर आखून देतो आणि तिकडचं मशीन ती कोरून काढतं. कधीही न पाहिलेले कोणी आजोबा या क्षणी मी आखलेल्या दाढेने काहीतरी कडक चावत असतील, या विचाराने मला अजून भरून येतं. पण या कामाचे पैसे इकडे येतात कसे, हे कळल्यावर मात्र माझाच आ वासला तो अजून मिटलेला नाही.

आधी ते बँकेतून बँकेत यायचे. आपल्या बँकेतल्या साहेबांनी समजावलं की बाईंची बँक पैसे एका मधल्या बँकेला देते, मधली आपल्या बँकेला, आणि प्रत्येक जण वाटेत थोडे काढून घेतो. मधली बँक असते कुठे, असं मी विचारलं, तर साहेबांनी पेनने छताकडे दाखवलं. मी वर पाहिलं. रांगेतल्या दोघांनीही पाहिलं. एवढ्या लांबून, इतक्या अनोळखी हातांतून पैसे येतात म्हटल्यावर मला तू आठवलीस. प्रवासात पैसे एका जागी ठेवू नयेत. थोडे पाकिटात, थोडे मोज्यात, थोडे डब्याखाली, थोडे बायकोकडे, ही तुझीच शिकवण. (बायकोकडचे कधी परत मिळाले नाहीत, पण सुरक्षित राहिले.) तेव्हा मी बाईंना नम्रपणे कळवलं की महिन्याची रक्कम एकदम न पाठवता चार भागांत पाठवा, म्हणजे एखादा हरवला तरी बाकीचे पोचतील. एकही हरवला नाही. पण तुकडा लहान असो की मोठा, या बँकांचं कापणं ठरलेलं असतं, त्यामुळे चारही वेळा सगळ्यांनी पुरता हात मारून घेतला. हिशेब दाखवताना साहेबांनी मला पाणी हवंय का, असं विचारलं.

त्यापाठोपाठ बाईंची मेल आली. भाषा गोड, पण मजकूर असा की त्यांचा अकाउंटंट या चार-चार भानगडींना कंटाळला आहे; पुढच्या महिन्यापर्यंत सोपी वाट सापडली नाही, तर हे काम त्या शेजारच्या गल्लीतल्या लॅबला देतील. आत्या, मला दुसरं गिऱ्हाईक नाही. त्या रात्री मी जेवलो नाही. (म्हणजे उशिरा जेवलो.)

दाजींनी एक उपाय सुचवला. बाईंनी कार्डाने बटण दाबायचं आणि पैसे हजर. हजर होतातही, पण दर वेळी असा टक्का कापून की वर्षाकाठी माझा एक महिना फुकटात गेला असता. शेवटी तुझ्या भाचेसुनेने लक्ष घातलं. तुला माहीतच आहे, ती औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही तारखेपासून किमतीपर्यंत वाचते. तिने चार कंपन्या ताडून पाहिल्या आणि मला बजावलं की ‘फी नाही’ असं जिथे ठळक लिहिलंय तिथे आधी चलनाचा भाव बघायचा, कारण ते तिथे कापतात. मग तिने परवाना असलेली, भाव चोख देणारी आणि फी उघड सांगणारी एक कंपनी निवडली. ही कंपनी मला बाईंच्या देशातला एक खातेक्रमांक देते. बाई तिकडच्या तिकडे पैसे भरतात, अगदी वीजबिल भरावं तसे. आणि कंपनी तिच्या इकडच्या गल्ल्यातले तितकेच पैसे मला देते. म्हणजे आत्या, ते पैसे समुद्र ओलांडतच नाहीत! तिकडचे तिकडे, इकडचे इकडे, आणि मधली बँक छतावर बसून राहते. मी हे हिच्याकडून तीनदा समजून घेतलं आणि तिन्ही वेळा गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ज्या देशात मी पाऊल टाकलेलं नाही, तिथे माझ्या नावाचं खातं आहे. काल त्यात बाईंचे अख्खे पैसे जमा झाले, एकरकमी, आणि अकाउंटंटने खाली धन्यवाद लिहिले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

तब्येतीला जप. ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
दातवाला

ता. क. पैसे जमा झालेत ते तिकडच्या खात्यात. इकडे सोडण्याआधी कंपनीला मी कुठे राहतो याचा पुरावा हवा आहे. विजेचं, पाण्याचं, गॅसचं, सगळी बिलं तुझ्या नावावर. माझ्या नावावर या घरात फक्त नळ आहे, आणि तोही वर लिहिल्याप्रमाणे. महिनाअखेर पुरावा गेला नाही तर पैसे बाईंकडे परत जातील, आणि त्यांच्यापाठोपाठ काम शेजारच्या गल्लीत. ‘भाचा आहे, राहतो’ एवढं त्यांना चालत नाही. भाडेकरार लागतो. सोबत जोडला आहे, जिथे खूण केली आहे तिथे तुझी सही हवी.

ता. क. दुसरा. भाड्याच्या रकमेची जागा कोरी ठेवली आहे. मागे हा विषय काढला तेव्हा तू फोन ठेवलास, म्हणून या वेळी लेखी. जो आकडा घालशील तो या महिन्यापासून दर महिन्याला तुझ्या खात्यात येईल. शून्य घालू नकोस. ते कंपनीला चालत नाही, हिने आधीच विचारून ठेवलंय.