गारखेड्यात कडूबा राहत नाही

तीर्थस्वरूप आक्कास,

कडूबाचा शिरसाष्टांग नमस्कार. (सही खाली आहेच, पण नाव आधीच सांगून टाकलं, नाहीतर तू अर्ध्यातून उठशील.) तुझे गुडघे कसे आहेत? खुलताबादच्या थंडीत ते धरतात हे मला माहीत आहे. यंदा सीताफळं बरी आली असं येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळलं. एरवी दिवाळीपर्यंत तुझी टोपली आमच्याकडं पोचलेली असते. गेली तीन वर्षं आली नाही. असो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. ते तुला अपेक्षाच वाचून दाखवत असणार. अपेक्षा बेटा, आजीनं 'बास कर' म्हटलं तरी थांबायचं नाही. निवृत्त सुभेदाराचा हुकूम आहे असं समज.

तर मी सध्या एका मोहिमेवर आहे, आणि माघार घेणार नाही. आमच्या जुन्या पलटणीचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिथं म्हातारे शिपाई दिवसभर आपापल्या राज्याच्या बढाया मारतात. हरियाणाचा बलवंत म्हणाला, आमच्याकडं ठरावीक गजांपर्यंतच्या घराला फौजीला कर नाही. केरळचा थॉमस म्हणाला, आमच्याकडंही नाही, पण चौरस फूट मोजतात. बंगळुरात राहायला गेलेला मुत्तू म्हणाला, आमच्याकडं निम्मा. (खरंखोटं त्यांचं त्यांना ठाऊक. बलवंतनं नोकरीत असताना वाघ मारल्याचंही सांगितलं होतं.) मी दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि आठ दिवस राज्यं लिहीत बसलो. कुठं पदकवाल्यालाच सूट, कुठं वयाची अट, कुठं विधवेला आहे पण नवऱ्याला नाही, म्हणजे सवलत घ्यायला आधी मरावं लागतं. शेवटी हिशोब असा निघाला की आपल्याकडं माजी सैनिकाला राहत्या एका घराची घरपट्टी पूर्ण माफ, गज नाही की फूट नाही. मी ग्रुपवर छाती फुगवून तसं टाकलं. मुत्तूनं विचारलं, "तेरे को कितने साल से मिल रहा है?" आक्का, मी सोळा वर्षं मुकाट्यानं घरपट्टी भरतोय. त्या वहीतला सवलत न मिळालेला एकुलता एक सैनिक मीच निघालो.

दुसऱ्याच दिवशी पेन्शनचे कागद, सेवामुक्तीचं पुस्तक आणि खरेदीखत घेऊन घरपट्टीच्या कचेरीत गेलो. तिथं मोनाली नावाची मुलगी बसते. कामाला चोख, बोलायला गोड, आणि म्हणूनच जास्त धोक्याची. तिनं सगळे कागद टेबलावर पसरले, दोनदा वाचले आणि म्हणाली, "काका, फौजेत गेले ते कडूबा. घर हाय विश्वजितचं. तुमी दोघांतले कोन?"

आता हे तुला सांगायला नको, पण अपेक्षाला ठाऊक नसेल. आपल्या आईचे दोन मुलगे पाळण्यातच गेले. म्हणून पुढं तू झालीस तेव्हा तिनं तुझं नाव दगडाबाई ठेवलं आणि माझं कडूबा. दगड कुणी उचलत नाही आणि कडू कुणी गिळत नाही, एवढा साधा विचार. नावं कामाला आली, आपण दोघंही जगलो. पण माझं लग्न ठरलं तेव्हा उमाचे वडील म्हणाले, पत्रिकेवर 'कडूबा' छापलं तर मंडळी जेवायच्या आधीच तोंड वाकडं करतील. लग्नात नवरीचं नाव बदलतात; आमच्यात नवऱ्याचं बदललं. मग रेशनकार्ड विश्वजितचं, घराचं खरेदीखत विश्वजितचं, दारावरची पितळी पाटी विश्वजितची. चोवीस वर्षं थंडीत राखण केली कडूबानं आणि गारखेड्यात घर घेतलं विश्वजितनं. मला त्या माणसाचा आता राग येतो.

मोनाली म्हणाली, पाहणीला माणूस पाठवते, शेजारी ओळख देतील. माणूस आला. मी नेमका दळण आणायला गेलो होतो. (फौजेतही माझ्या पहाऱ्याच्या वेळी कधी काही घडलं नाही. जे घडायचं ते मी चहाला गेल्यावर.) त्यानं समोरच्या तात्यासाहेबांना विचारलं, कडूबा कुठं राहतात? तात्यासाहेब कॉलनीचे अध्यक्ष, प्रत्येकाच्या पाण्याच्या टाकीचा आकार त्यांना पाठ. ते म्हणाले, असला माणूस आमच्या कॉलनीत नाय, आणि असता तर मी येऊ दिला नसता. मग त्यानं आमची बेल वाजवली. दार उमानं उघडलं. एकतीस वर्षांची सवय, शिवाय कढईत तेल तापलेलं. तिनं जाळीतूनच सांगितलं, "इथं कडूबा राहत नाय, पुढं विचारा." अहवालात लिहून आलं: सदर इसम या पत्त्यावर आढळून आला नाही.

मी तीन दिवस उमाशी बोललो नाही. चौथ्या दिवशी ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मी एक वाक्य म्हटलं तर तीन दिवस तोंड पाडून बसलात. आक्कांचं तर तुम्ही पत्रिकेत छापलं होतं."

आक्का, चहा तसाच राहिला. राजनंदिनीच्या लग्नाच्या पत्रिकेत मी आत्या म्हणून तुझं नाव 'दर्शना' छापलं. जावयाकडचे शिकलेले लोक, 'दगडाबाई' बघून काय म्हणतील, असं मला वाटलं. तू मंडपात आलीस, अपेक्षाकडून पत्रिका वाचून घेतलीस आणि एवढंच म्हणालीस, "ही दर्शना कोन हाय? मला नाय ठाव." मग न जेवता परत गेलीस. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की आक्काचे गुडघे दुखत होते. दुखत नव्हते. मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, ती मी तुझ्या नावाची वाटून घेतली. माझ्या दारात मला 'राहत नाय' म्हटलं तर एवढं लागलं. तुला तर भरल्या मांडवात, सख्ख्या भावानं.

तरीही मोहीम चालू आहे. मोनालीला मी सांगून आलोय की बाई, घर कडूबाचं म्हणून लागल्याशिवाय मी मरणारसुद्धा नाही. ती म्हणाली, "मरू नका काका, मग तर लईच कागद लागतात."

उमाचा तुला नमस्कार. अपेक्षाला आशीर्वाद, अभ्यास कर म्हणावं.

तुझा धाकटा भाऊ,
कडूबा

ता. क. खरं काम पुढं आहे. मला लहानपणापासून ओळखणारा एक साक्षीदार हवा, जो कचेरीत येऊन सांगेल की हाच कडूबा. असा माणूस आता एकच उरलाय. सोमवारी येशील का? रिक्षा मी करतो.

ता. क. दुसरा. वरचं पाकिटात घालणार तेवढ्यात मोनालीचा फोन आला. काम झालं. खरेदीखतावरचा माझा फोटो, माझं प्रतिज्ञापत्र आणि गावच्या शाळेचा उतारा, एवढ्यावर साहेबांनी सही केली. तो उतारा मी नीट बघितला नव्हता. पहिलीत नाव घालायला आई शेतात होती म्हणून तू मला कडेवर बसवून नेलं होतंस, तू जेमतेम दहा वर्षांची. मुलाचं नाव, कडूबा. दाखल करणाराचं नाव, दगडाबाई, बहीण. म्हणजे साक्षीला तू मागंच येऊन गेलीस. आता तू आली नाहीस तरी घरपट्टीचं काही अडत नाही.

ता. क. तिसरा. अपेक्षा, हा दोनदा वाच. आक्का, तरीही सोमवारी ये. भाऊबीजेचा पाट तीन वर्षं मांडतोय आणि तसाच उचलतोय. पितळी पाटी मी परवा स्वतः काढली आणि पेंटरकडून नवी करून घेतली. तात्यासाहेबांनी ती मोठ्यानं वाचून खात्री केली, आणि उमानं हळदकुंकू लावलं. पत्ता जवळ ठेवायची गरज नाही. गारखेड्यात उतरलीस की कुणालाही विचार, कडूबा कुठं राहतो. आता सांगतात.