आखाजीला न्यायला कोण येणार

जळगाव,
गुरुवार, ता. २० एप्रिल १९८९

चि. सौ. मंजुळास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं होळीनंतरचं पत्र वेळेवर पोचलं होतं. उत्तराला महिना लागला, रागावू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आईची कंबर अधूनमधून धरते. आबांचा खोकला गेला. तुझ्या धाकट्या बहिणीने, कुंदाने, शिवणाच्या क्लासची परीक्षा दिली आणि आता दिवसभर माझ्या जुन्या पातळांचे पडदे शिवते आहे. ऊन म्हणशील तर दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. शेजारच्या पुष्पाबाई डोक्यावर ओला पंचा घेऊन बसतात आणि मला विचारतात, "अक्का, तुम्हाला कसं हो काही होत नाही?" त्यांना काय सांगू? वर्षातले हे दोन-अडीच महिनेच मी चारचौघींसारखी चालते. सकाळी उठते ती सरळ उठते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर खोळंबून राहावं लागत नाही. लोक पावसाची वाट बघतात, आणि मला तो यायला नको असतो.

तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी न्यायला कोण येणार, ही एक, आणि तुझ्या छकुलीबद्दलची दुसरी. दोन्हींकडे येते. आधी बाकीचं लिहू दे.

लाटण्याचं वाचून फार वाईट वाटलं. एव्हाना बोटांची सूज उतरली असेल. पण बाळ, थोडी चूक तुझीही आहे. पहाटे हौदाच्या गार पाण्यात हात घातल्यावर लगेच बादलीची कडी मुठीत धरायची नाही, हे मी तुला किती वेळा सांगितलं होतं. कडी मनगटात अडकवायची. आपली मूठ एकदा वळली की तिच्या मनात येईल तेव्हाच उघडते. सासूबाईंना बिचाऱ्यांना काय ठाऊक? सून बादली सोडत नाही, हट्टाला पेटली आहे, असंच त्यांना वाटलं असणार. म्हणून घेतलं लाटणं. पुन्हा असं झालं तर खोटं का होईना, पण हस. हसणाऱ्या माणसाला मारायला हात उचलत नाही पटकन.

थंडी संपली म्हणून गाफील राहू नकोस. अंथरुणातच आधी पाय हलवायचे, घोटे फिरवायचे, मग उठायचं. पंगतीला वाढताना मध्ये उभी राहू नकोस, काही ना काही उचलत-ठेवत राहा. थांबलीस की आखडलीस. सून फार कामसू आहे म्हणतील, म्हणू दे. बर्फ घातलेलं सरबत कोणी दिलं तर घसा धरला आहे म्हण. तुमचं घर स्टेशनला लागून, मालगाडीचा भोंगा अचानक वाजतो आणि तू लाकडासारखी उभीच्या उभी पडतेस असं लिहिलंस. त्याला उपाय आहे. कानात कापसाचे बोळे घाल, वर केस आणि पदर आला की दिसत नाहीत. हाक ऐकू आली नाही तर बहिरी म्हणतील, पण बहिरी सून चालते.

आणि केळी. जाऊबाई टोमणा मारतात, "जळगावची लेक आणि केळ्याला शिवत नाही, माहेरी सोन्याची खात होतात का?" मारू दे. केळं हातात घ्यायचं, पदराआड न्यायचं आणि गाईला घालायचं.

तुझ्या जन्माआधी दादाने, म्हणजे तुझ्या आबांनी, मला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी माझ्या दंडावर रबराची हातोडी मारली, मूठ आवळायला लावली, सोडायला लावली आणि घड्याळाकडे बघत बसले. मग एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मी कॉन्व्हेंटची, मला ते स्पेलिंगसकट पाठ झालं. दुसरा काही उपयोग झाला नाही त्याचा. दादाने विचारलं, "औषध?" ते म्हणाले, "औषधापेक्षा सवयी. उबेत राहा, हालत राहा, दचकू नका. केळी बंद, नारळपाणी बंद." घरी आल्यावर वहिनी, म्हणजे तुझी आई, हसून हसून बेजार. "पहूरला आपली एवढी बाग, आणि नणंदबाईंना केळ्याचं वावडं!" डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, हे रक्तातून येतं. ते आम्ही दोघा भावंडांनी स्टेशनावरच सोडून दिलं.

कधी कधी भुसावळची शाळा आठवते. वडील रेल्वेत होते म्हणून तिथे घातलं होतं मला. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या मुली गुडघे टेकायच्या. आमेन झालं की भराभर उठायच्या, आणि मी आपली तिथेच, हात जोडलेली. सिस्टर दुसऱ्या मुलींना म्हणायच्या, "हिच्याकडे बघा, हिंदू असून किती भक्ती!" मला लाज वाटायची आणि गोडही वाटायचं. नाताळात त्यांनी मला येशूबाळाचं चित्र दिलं होतं. सुट्टीत पहूरला गेले की मात्र सगळं उलट. आखाजीचा झोका, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरलेला, आणि उतरायची वेळ आली की मूठ सुटत नसे. मुलींना वाटे ही दुसरीला पाळी देत नाही. एकदा त्यांनी मला ओढून खाली पाडलं. तळहाताची सालं निघाली. पण त्या दिवसांतलं काही म्हटलं तरी गोडच वाटतं बघ, पन्हं काय, गौराईची गाणी काय, ओल्या वाळ्याचा वास काय.

तुला पाहायला यायच्या आधी आपण दोघींनी मागच्या खोलीत कशी तयारी केली होती, आठवते? कपाच्या कानात बोटं घालायची नाहीत, बशी तळव्यावर तोलायची. बसल्या बसल्या निऱ्यांखाली पायाची बोटं हलवत राहायची. ऊठ म्हणाले की आधी पदर सावरायचं नाटक करायचं, तेवढ्यात पाय सुटतात. तुझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोर फार सावकाश उठते, वळण चांगलं आहे." दाराआड मी डोळे पुसले. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता.

असो. गेल्या रविवारी चुडामण नाना आले होते. तुझी सोयरीक जमवणारे तेच, आता कुंदासाठी पिंपळनेरचं स्थळ घेऊन आले. ओसरीवर टेकत नाहीत तोच आबांना म्हणाले, "जीवराम, बठ्ठं जमी गयं समज. पोऱ्या बँकमा शे. आखाजीना दुसरा दिन त्या येतस पोरले देखाले." म्हणजे मुलगा बँकेत, आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तिकडची माणसं कुंदाला बघायला येणार.

आबांनी त्यांच्यापुढे पाण्याचा गिलास धरला. नानांनी घ्यायला हात लावला तर गिलास सुटेना. नाना खो खो हसले, "अरे सोड ना भाऊ! गिलास तुनाच शे, मी काय लई जाई ऱ्हायनू?" सगळे हसले, आबाही हसले. पाटलांनी हात मिळवला की सुटत नाही, ही थट्टा लग्नाकार्यात नेहमीचीच आहे. त्या हातामुळे त्यांचं लग्न अडलं नाही, बाग अडली नाही. हे मी तुला आजवर बोलले नव्हते. तुझी आई आजही म्हणते की पोरीला आत्याची सावली लागली. मी ते कधी खोडून काढलं नाही. ज्या घरात राहायचं तिथल्या कर्त्या माणसाकडे बोट दाखवता येत नाही.

मग नानांनी विचारलं, "आखाजीले मोठी पोर येवाव शे का? त्या बाया इचारत व्हत्या. म्हने मोठी बहीन देखी का धाकली समजी जास."

तुझी आई दारातूनच म्हणाली, "येणार तर! नात घेऊन पहिलीच आखाजी तिची." सांजोऱ्यांचा रवा तिने काढून ठेवला होता.

नाना गेल्यावर, मोठीला बघून ते धाकटीला जोखणार, यावरून घरात बोलणं झालं. असं ठरलं की यंदा तुला न्यायला कोणी येणार नाही. तिकडे कळवायचं की आईला कावीळ झाली आहे, लहान बाळाला घेऊन येणं बरं नाही. तसं वेगळं पत्र आबा जावईबापूंना टाकतील. तूही तेच सांग.

थोडे दिवस रडशील. पण माझंही ऐक. सत्तावन्न साली मी धुळ्याहून असंच पत्र लिहिलं होतं वडिलांना, चांगल्या अक्षरात, चार पानं. न्हाणीत कशी पडले, सासू काय म्हणाली, नवरा कसा बघत राहिला. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते स्वतः घ्यायला आले. आखाजीचे चार दिवस राहून परत जायचं होतं. मग वडील म्हणाले, थोडी बरी होऊन जा. मग पाऊस लागला. दिवाळीला सासरहून माझी ट्रंक आली. उघडली तर लुगडी नीट घडी घालून ठेवलेली, मध्ये मध्ये डांबराच्या गोळ्या, कसर लागू नये म्हणून. इतक्या काळजीने मला तिकडे कोणी कधी वागवलं नव्हतं. त्या आखाजीला आले ती मी अजून इथे आहे.

आता छकुली. तू लिहिलंस की गार पाण्याने तोंड धुतलं किंवा रडून थांबली की तिच्या पापण्या मिटलेल्याच राहतात, मग हळूहळू उघडतात. सासूबाई म्हणतात, झोपाळू आहे. आणि शेवटी तू विचारलंस, "आत्या, हे तेच आहे का?" महिनाभर मी याच ओळीवर अडून होते.

हो मंजुळा. तेच आहे. तूही अशीच होतीस, आणि आबाही लहानपणी असेच होते, असं आमची आई सांगायची.

तिचं तोंड कोमट फडक्याने पूस. अंघोळ तूच घाल, दुसऱ्या कोणाला घालू देऊ नकोस. आणि तिला रडू देऊ नकोस. भुकेच्या आधी दूध, झोपेच्या आधी मांडी. तरी रडलीच तर तोंड छातीशी दाबून धर, डोळे उघडेपर्यंत. बोलायला लागली की रडायचं नाही हे पहिलं शिकव. समजूतदार मुलगी आहे म्हणतील.

एवढ्यावरच पत्र संपवणार होते. पण तू आबांना दोष देशील, आणि तो त्यांचा नाही. ते तुला आणायलाच निघाले होते. म्हणाले, "पाहुण्यांसमोर येणार नाही, आत बसेल. आठ दिवसांनी पोचवून देऊ." आईही हो म्हणाली. नको म्हणाले ती मी. म्हटलं, "आणाल, पण पोचवायला कोण जाईल? ती एकदा तुमच्यापुढे रडली की तुम्हाला तिला पाठववेल का?" मग आबा म्हणाले, "हे तू म्हणतेस?" मी म्हटलं, "दुसरं कोण म्हणणार?"

त्यांना वाटलं, मी तुझा संसार वाचवते आहे, कुंदाचं लग्न वाचवते आहे. तेही आहेच.

पण मला त्रेपन्न वर्षं झाली. वहिनी थंडीत मला पाणी तापवून देतात, कधी कुरकुरत, कधी न कुरकुरता. एकीसाठी देतात. दोघींसाठी आणि वर एका लहानगीसाठी नाही देणार, आणि मग लेक कोण आणि नणंद कोण हे त्यांना आठवेल. माझ्यासाठी पहूरच्या मळ्यातली खोली रिकामीच आहे. तिथे पौष-माघात पहाटे दव पडतं आणि जवळपास कोणी नसतं. मी उताणी पडून राहीन ऊन येईपर्यंत. या घरात आपल्यासारखीला एकच खाट आहे, मंजुळा, आणि तिच्यावर मी झोपते.

जावईबापूंना आशीर्वाद. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. छकुलीचा दोन्ही डोळ्यांवर पापा घे.

येऊ नकोस.

तुझी,
आत्या