झांज बाबांच्या हातात दे

रॉटरडॅम

चि. विनीत,

ताईचे आशीर्वाद, आणि थोडा रागही.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते, आईला सांग. इथे लॅबमध्ये आम्ही काचेच्या नळीतून पाण्याबरोबर वाळू सोडतो. पाणी पुढे पळतं, वाळूचे कण जरा मागे राहतात. दोघांच्या वेगातला हा फरक मोजायचा, हेच माझं काम. पण कण मागे राहतोय म्हणून पाणीच थांबवलं, तर तो तळाशी जाऊन बसतो. मग त्याला उठवायला फार जोर लागतो.

काल फोनवर तू म्हणालास, पाय मोडल्यापासून बाबा फार हळू चालतात, यंदा लालबागहून गणपती मी एकटाच आणतो, त्यांना घरी बसू दे. तेव्हापासून मला चैन नाही. आई पाण्याचा ग्लाससुद्धा हातात नेऊन देते म्हणे. अरे, डॉक्टरांनी चाला म्हटलंय ना? मग बसवताय कशाला त्यांना?

आईचे गुडघे कसे आहेत? खरं सांग हां.

बाबांना घेऊन जा. "मी मागे पडेन" म्हणतील. मूर्ती तू उचल आणि झांज त्यांच्या हातात दे. झांजवाला मूर्तीच्या पुढे चालतो. त्याला मागे टाकून आपला गणपती कधी करी रोडला आलाय का?

बाबांच्या चालीने घरी येणाऱ्या बाप्पाला माझा इथूनच नमस्कार.

तुझी ताई,
शेफाली