दुसऱ्या सेन्सरचा काही दोष नव्हता

तीर्थरूप काका,

तुम्हाला साष्टांग नमस्कार घालण्याच्या स्थितीत मी काल सबंध दुपार होतोच, फक्त पालथ्याऐवजी उताणा आणि गाडीखाली. उठल्यापासून कंबर अशी धरली आहे की आजचा नमस्कार नुसत्या मानेने केलाय असं समजून घ्यावं. तुमचा गुडघा काय म्हणतो? फोनवर तुम्ही "ठणठणीत आहे" म्हणता आणि लगेच खोकता, म्हणून खरं काय ते पत्रानेच विचारावं म्हटलं. (कागदावर खोकला ऐकू येत नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.) इकडे सगळं ठीक. आईची तब्येत चांगली आहे, आवाज त्याहून चांगला आहे. तुमची सूनबाई मी गाडीखाली असताना जॅककडे टक लावून बसते. ते काळजीने की आशेने, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

तर विषय बाबांच्या गाडीचा. बाबांना जाऊन आठ महिने झाले आणि तेवढेच महिने तुम्ही इकडे फिरकला नाहीत (गुडघ्यामुळे, आम्हाला कल्पना आहे). गाडी अंगणात उभीच होती. मागच्या महिन्यात मला सफाईची हुक्की आली. डॅशबोर्डवर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता, तो बाबांनी एखादी चीर झाकायला लावला असेल अशा समजुतीने मी नखाने खरवडून काढला. खाली चीर नव्हती, इंजिनाचा पिवळा दिवा होता, आणि गाडी सुरू करून पाहिली तर तो भक्कम पेटलेला होता. आता तुम्ही म्हणाल, पट्टी परत लावायची आणि गप्प बसायचं. पण यंदापासून धुराची तपासणी बदलली आहे. पूर्वी तो साहेब सायलेन्सरकडे बघून मान हलवायचा, आता गाडीला संगणक जोडतात. आपली गाडी सरळ नापास झाली. तीस तारखेपर्यंत पास झाली नाही, तर नंबरप्लेट काढून घेणार आणि गाडी भंगारात.

गाडी भंगारात गेली तर माझं काही अडत नाही, मी ग्रंथालयात चालत जातो. पण काका, आई रोज संध्याकाळी पाच वाजता शेंगांचं पातेलं घेऊन गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसते. दार लावून घेते, शेंगा सोलते आणि सहा वाजता परत येते. गाडी गेल्यावर कुठे बसायचं, असं तिने विचारलं तेव्हा घरात सहा खुर्च्या आहेत हे मी तिच्या निदर्शनास आणून दिलं. तिने पातेलं उचललं आणि गाडीत जाऊन दार लावून घेतलं. त्याच आठवड्यात मी गाडीखाली शिरलो.

शिरण्याआधी अर्थातच ग्रंथालयातली तीन पुस्तकं वाचली. (तुम्ही हसणार हे गृहीत धरून पुढे लिहितो.) शेजारच्या टॅक्सीवाल्याने दोष वाचायचं त्याचं यंत्र दिलं. त्यावर आलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या आधीचा तो धूर शुद्ध करणारा डबा, नीट काम करत नाही. पुस्तकात लिहिलं होतं की या डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. पहिल्याचा आकडा सारखा वरखाली नाचतो, दुसऱ्याचा शांत राहिला पाहिजे. आपल्या गाडीत दुसराही पहिल्याच्या जोडीने नाचत होता. मी ताबडतोब निष्कर्ष काढला की दुसरा बिघडलाय. पुस्तकात त्यापुढेही एक परिच्छेद होता, पण तेवढ्यात चहा आला.

मग मी सेन्सर बदलला. बदलल्यावर कळलं की तो पहिला होता. गाडीखाली उताणं पडलं की पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे माझ्यासारख्या माणसाला कळत नाही, आणि तुमची सूनबाई वरून जी दिशा सांगते ती तिच्या बाजूने बरोबर असते. पुढच्या रविवारी दुसरा बदलला. तो गंजून इतका घट्ट बसला होता की पाना सुटून माझ्या कपाळावर आला आणि मी ग्रंथालयात चार दिवस टोपी घालून बसलो. दिवा तसाच. म्हणजे नवा सेन्सरही सदोष, असं ठरवून मी तो परत देऊन आणखी एक आणला. तोही बेटा तसाच नाचू लागला. सुट्या भागांचा दुकानदार आता मला लांबून येताना बघितलं की आतल्या खोलीत जातो.

शेवटी हात टेकले आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिक बाईंना बोलावलं. जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गाडी तापवली आणि डब्याच्या पुढे व मागे तापमान मोजलं. चांगला डबा आतल्या आत पेटतो, त्यामुळे मागे जास्त गरम लागतो म्हणे. आपला मागे थंडच. मग रबरी हातोड्याने डब्यावर एक टोला दिला. आतून रिकाम्या पिंपाचा आवाज आला. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुसरा सेन्सर पहिल्या दिवसापासून डबा काम करत नाही हेच सांगतोय. खरं बोलणाऱ्याला तुम्ही दोनदा घराबाहेर काढलंत." तुमची सूनबाई हे वाक्य आता रोज एकदा म्हणते.

डबा खाली उतरवला. आत धूर शुद्ध करणारी जाळी असते म्हणे, ती नव्हती, काहीच नव्हतं. कोणीतरी तळाशी कापून, आतलं सगळं काढून, पुन्हा वेल्डिंग करून बंद केला होता. आणि काका, ते वेल्डिंग! बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या जोडावरून अंगठा फिरवत राहिल्या. असा हात हल्ली बघायला मिळत नाही, म्हणाल्या. मी मान वळवून फाटकाकडे बघितलं. आपल्या फाटकाला तोच जोड आहे, माझ्या पहिल्या सायकलच्या दांड्याला तोच होता, आईच्या शिलाईयंत्राच्या पायाला तोच आहे. मी तो अंधारात बोटांनी ओळखेन.

मग ती सुट्टी आठवली. मी तेव्हा कॉलेजात होतो. गाडी टेकडी चढेना, मागून सायकलवाले पुढे जात होते आणि बाबा ओशाळून खिडकीची काच वर करत होते. तुम्ही कान लावून ऐकलंत, गाडीचा श्वास कोंडलाय म्हणालात आणि तिला घेऊन वर्कशॉपला गेलात. संध्याकाळी आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो, तुम्ही चालवायला, बाबा शेजारी, आई नि मी मागे, आणि गाडी टेकडीवर अशी गेली की बाबा टाळ्या वाजवायला लागले. तेव्हा पन्नाशी ओलांडलेला माणूस! वर पोचल्यावर तुम्ही दोघं कठड्यावर बसून दरीत खडे टाकत होतात, कोणाचा लांब जातो म्हणून भांडत होतात. पुढे महिनाभर बाबा ग्रंथालयात येऊन माझ्या साहेबांनाही सांगत होते की माझ्या धाकट्या भावाने गाडीला नवा जन्म दिला. (मी तिथे सुट्टीपुरता कामाला होतो, मला तोंड लपवायला जागा नव्हती.) किती छान दिवस होते ते! मला ते फार आठवतात, आणि हल्ली जास्तच.

आता उरलं चिकटपट्टीचं. ते मी आईला विचारलं. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, दिवा त्याच आठवड्यात लागला होता. दुसऱ्या एका मेकॅनिकने यांना सगळं समजावून सांगितलं होतं, डबा रिकामा केलाय, हे चूक आहे, नवा बसवा. यांनी त्याला चहा पाजला आणि येताना चिकटपट्टी आणली. दर वर्षी जुनी निघायला लागली की नवी लावायचे. "धाकट्याने दुरुस्त केलीय म्हणजे गाडी दुरुस्त आहे," एवढंच म्हणायचे. एकवीस वर्षं, काका. मला वाटलं हे तुम्हाला कळलं पाहिजे. रागावू नका. मी त्या संध्याकाळी गाडीत बसून चांगला रडलो आणि हॉर्नला कोपर लागून सगळी गल्ली बाहेर आली.

असो. तुम्ही तब्येतीला जपा. उगाच दगदग करून इकडे येण्याची मुळीच गरज नाही.

तुमचा पुतण्या
(तुमच्या भाषेत ठोंब्या)

ता. क. नवा डबा आला आहे. पाइपची टोकं गंजली आहेत, त्यामुळे वेल्डिंग करूनच बसवावा लागेल. मेकॅनिक बाई म्हणतात, मी करून देईन, पण तो जुना जोड ज्याचा आहे तो माणूस हयात असेल तर मी त्या पाइपला हात लावणार नाही. त्यांचं वेल्डिंगचं मशीन त्या द्यायला तयार आहेत. बसून करता येईल असं स्टूलही आहे, गुडघ्याचा प्रश्न नाही.

ता. क. २. डबा बसवल्यावर गाडी मोकळ्या रस्त्यावर न थांबता, एका वेगाने पाऊण तास चालवावी लागते, तेव्हा कुठे सेन्सर तिला बरी झाली म्हणतात. मी चालवणार असेन तर आई बसायला तयार नाही. शुक्रवारी सकाळची बस आहे, तिकीट सोबत जोडलंय.

ता. क. ३ (हे मी स्वतः लिहितेय). भावजी, याने एवढी पानं भरली आणि मुद्दा राहिलाच. मला गाडीचं काही नाही, पास होवो नाहीतर नापास. तिथे बसून मी यांच्याशी बोलते, पण ऐकून घेणारं कोणी तरी हवं. यांना शाळकरी वयात बघितलेले आता तुम्ही एकटेच उरलात. गाडी जाईल तर जाऊ दे. तुम्ही या.