साठातले माझे तीस

३ मार्च

चि. मुंगळ्यास,
अ. आ.

फोनवर तू हो-हो म्हणतोस आणि ठेवल्याबरोबर विसरतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. शिवणकारखान्याच्या माळ्यावरून कापडाचा तागा काढताना स्टुलावरून पडले आणि पाय मोडला. पंचवीस वर्षं कटिंग करते आहे, एक बाही कधी आखूड कापली नाही, आणि स्वतःच्या पायाचं माप चुकलं. डॉक्टरांनी सहा आठवडे अंथरूण सांगितलंय. शेजारीण दोन्ही वेळा डबा ठेवते आणि उशा सारख्या करताना माझ्या स्वभावाबद्दल चार शब्द सुनावते.

आता मुद्दा. कपाटातून माझे तीस पत्ते शेजारणीला काढायला लावले, ते राक्षस-जादूगारांचे. मी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा साठांची वाटणी केली होती, तीस तुझे, तीस माझे. एकट्याला डाव मांडता येऊ नये, भेटावंच लागावं, असं तूच म्हणाला होतास. आता नऊ वर्षं झाली, आपण खेळलो नाही. तुझे तीस घेऊन आठवडाभर ये. यापूर्वी मी तुझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव.

शेजारीण अजून तुला भेटलेली नाही, त्यामुळे तुझ्याबद्दल चांगलं बोलते. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. रजा टाकली आहे, मी येतोच. पण पत्त्यांबद्दल एक सुचवतो. आता कागदी पत्ते कोण खेळतं? मधल्या काळात जग कुठल्या कुठे गेलं, ते तुला ठाऊक नाही.

आपण शाळेच्या जिन्यात बंद पाकिटं फोडायचो, आत ड्रॅगन निघतो की परत बेडूकच, ते बघायला. पुढे त्याच पत्त्यांना प्लास्टिकची आवरणं आली, दुकानांत स्पर्धा भरू लागल्या. एकीत मी बारा वर्षांच्या मुलीकडून हरलो आणि तिने माझी समजूत काढली. मग पत्ते कॉम्प्युटरवर गेले. तिथे मी दोनशेंची फौज उभी केली, आणि एका सोमवारी कंपनीने गाशा गुंडाळला. माझी फौज कुठे गेली ते विचारायलाही कोणी उरलं नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे ब्लॉकचेन. हजारो कॉम्प्युटरांवर एकच वही, प्रत्येकाकडे तिची प्रत. त्यात तुझं पान तुझ्या नावावर चढलं की ते कोणाच्या बापाला खोडता येत नाही. तुझंही खातं उघडून देतो, पडल्या पडल्या खेळता येईल. फक्त बारा शब्दांची एक किल्ली असते, ती हरवायची नाही. हरवली तर ब्रह्मदेवही कुलूप उघडू शकत नाही.

पायाला जप. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
मुंगळा


१२ मार्च

चि. मुंगळ्यास,
अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिना आहे, दुकान आहे, ब्रह्मदेव आहे. तुझे तीस पत्ते कुठेच नाहीत.

लहानपणी बरणी फुटली की तू असाच लांबून सुरुवात करायचास, आज शाळेत बाई काय म्हणाल्या इथपासून. तेव्हा मी बरणीचे तुकडे शोधून काढायचे. आता मला उठता येत नाही, म्हणून सरळ विचारते. पत्ते कुठे आहेत?

पडल्या पडल्या फोन बघायला गेले तर तो नाकावर पडला. तेव्हा खातं-बितं राहू दे. उत्तर लवकर टाक, रागावले तरी मी तुझीच आहे.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्ते नाहीत. मी ते श्रेडरमध्ये घातले.

थांब, पत्र फाडू नकोस, इथे फाडाफाड पुरेशी झाली आहे. माझं काम तुला माहीत आहे. अठरा वर्षं हेच, जुन्या फायली स्कॅन करायच्या, प्रत स्वच्छ आली की कागद श्रेडरमध्ये सोडून त्याच्या पट्ट्या करायच्या. आता हाताला विचारावं लागत नाही. दीड वर्षापूर्वी एका कंपनीची जाहिरात आली की जुना पत्ता ब्लॉकचेनवर चढवा, जगात एकुलता एक अस्सल. अट एवढीच की कागदी पान कॅमेऱ्यासमोर नष्ट करायचं, नाहीतर अस्सल दोन होतील. शहाण्या माणसाचा हात तिथे अडखळला असता. मला ती अट इतकी शिस्तशीर वाटली की मनातल्या मनात त्यांचं कौतुक केलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच तीसही पानं एकेक करून, कड सरळ धरून सोडली. वर रजिस्टरात नोंद केली.

आठ महिन्यांत ती कंपनीही बुडाली. वही मात्र शाबूत आहे, तिच्यात माझ्या नावावर तीस नोंदी आहेत आणि जगबुडीपर्यंत राहतील. पण वहीत फक्त मालकी होती, चित्रं कंपनीच्या कॉम्प्युटरवर होती. आता उघडलं की पांढरे चौकोन दिसतात. तीस पांढऱ्या चौकोनांचा मी निर्विवाद मालक आहे. तू विचारशील, स्वतःकडे एक प्रत नव्हती का ठेवली? नाही ठेवली. प्रत घरी न्यायची नाही, हा आमच्या ऑफिसचा नियम. स्वतःच्या पत्त्यांनाही मीच तो लावला.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवसापासून पुठ्ठा कापून नवे पत्ते करतो आहे. माझा ड्रॅगन मोडक्या छत्रीसारखा दिसतो. पण खरी गोष्ट वेगळीच. तिसांपैकी बावीसच आठवले, त्यांची यादी सोबत जोडली आहे. आठ पानांवर काय होतं ते काही केल्या आठवत नाही. ताई, मला फार लाज वाटते. तू आयुष्यात एकच गोष्ट मागितलीस आणि ती देण्यासारखी माझ्याकडे उरली नाही. येऊ की नको ते तूच सांग. जे सांगशील ते मान्य, फक्त बोलणं सोडू नकोस.

तुझा,
मुंगळा


२१ मार्च

चि. मुंगळ्यास,
अ. आ.

राग आला. पत्त्यांसाठी रडलेसुद्धा, या वयात. शेजारणीला सगळं सांगितलं, आता तीही तुझ्याबद्दल चांगलं बोलत नाही.

मग तुझ्या आठांचा विचार करू लागले. तुला ती पानं आठवत नाहीत, कारण तू त्यांच्यावर नुसता जिंकायचास. मी त्यांच्याकडून मार खाल्लाय, मला ती पाठ आहेत. लिहून घे. दगडी बेडूक. तो पाच घाव सोसतो, तू कायम सात सांगायचास, आता पाचच लिहायचे. आंधळा तिरंदाज, याचा नेम दर तिसऱ्या खेपेला चुकतो आणि तुझा कधी चुकला नाही, यावर मी तेव्हाही हरकत घेतली होती. राखेतली राणी, मेली तरी एकदा उठते. एकदाच. उलटा पूल, ज्याने माझी अख्खी फौज तू नदीत घातलीस आणि मी आईकडे तक्रार केली. चोरघंटा. धुक्यातला पहारेकरी, त्याच्या कोपऱ्याला शाईचा डाग होता, तो तू पाडलास आणि माझ्या नावावर खपवलास, तोही नव्या पानावर काढ. सातवा तो मीठ विकणारा म्हातारा, दिसायला गरीब आणि ऐनवेळी कोणाचंही शस्त्र गंजवणारा.

आठवं पान मलाही आठवत नाही. पहाटेपासून प्रयत्न करते आहे. किल्ली शेजारणीकडे आहे, तिचं बोलणं ऐकून घे आणि वर ये. समोरासमोर बसलो तर कदाचित आठवेल. नाही आठवलं तर एकोणसाठांवर खेळू.

वाट बघते आहे.

तुझी,
ताई