सगळ्यांना बसता येईल अशी जागा

बर्गन, सप्टेंबर

प्रिय आई,

इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या जावयाने, ऐलिफने, काल अर्धा वाडगा मासळीचं सूप घेतलं. तुझा गुडघा कसा आहे? शेजारच्या ओडवारने जळणाची लाकडं फोडून दिली का?

शनिवारी आम्ही चौघांचा फोटो काढून घेणार आहोत. फोटोग्राफर बाईंनी डोंगरमाथा सुचवला. तिथून मागे सगळं बंदर दिसतं, म्हणून आपल्या थोरल्या लेकीला, लिव्हलाही तोच हवा होता. ऐलिफ म्हणाला, "तिथे वारा फार. टोपी उडाली तर फोटोत नुसतं माझं टक्कलच चमकेल." दोन्ही मुली हसल्या. मीही हसले.

मग धक्क्यावर जाऊन पाहिलं. तिथे त्याला फार वेळ उभं राहवेना. माझा हात धरून हळूच म्हणाला, "टूरिड, सगळेच बसतील अशी जागा बघ. मी एकटाच बसलोय, असं पोरींना जन्मभर दिसायला नको."

शेवटी आमच्याच दारातल्या पायऱ्या ठरवल्या. लिव्ह रुसली. "दारात कसला फोटो? तिथे तर आपण रोजच असतो."

"म्हणूनच," ऐलिफ म्हणाला.

डॉक्टर वाईट काही बोलले नाहीत. तसे ते फारसं काही बोललेच नाहीत.

तू नाताळात येणार होतीस ना? त्याऐवजी शनिवारीच ये. पायरीवर त्याच्या डाव्या अंगाला बस. त्या बाजूने त्याला आधार लागतो. तू टेकून बसलीस, की फोटोत ते कुणाला कळणार नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
टूरिड