एकेचाळीस कॅसेटी

मी, लहानू नत्थू नंदेश्वर, वय वर्षे चौसष्ट, धंदा नाटकात काम करणे, राहणार बूढ़ापारा, रायपूर, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे मृत्युपत्र वकील पूर्णिमाताई बोरकर यांच्या हातून लिहवून ठेवतो. हृदयाचे काही खरे नाही असे डॉक्टर म्हणतात. डोके ठीक आहे. स्वतः लिहीत नाही, कारण मला लिहिता-वाचता येत नाही. हे माझ्या मुलालाही यातूनच पहिल्यांदा कळेल.

१. आधी हे कसे झाले ते नोंदवतो. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, भंडाऱ्याकडून आलेले. आवाज खणखणीत म्हणून सातव्या वर्षी त्यांनी मला जयंतीच्या जलशात उभे केले. एप्रिलभर डोंगरगड, गोंदिया, दुर्ग, वस्तीवस्तीत कार्यक्रम, आणि शाळेची परीक्षाही एप्रिलातच. लागोपाठ दोन परीक्षा बुडाल्या, तिसऱ्या वर्षी मास्तरांनी नाव कापले. वडील म्हणाले, "समाजाचंच काम करून राहिला ना पोट्टा." मी गात होतो ती गाणी पोरांना शाळेत घाला अशीच होती. ते ऐकून कितीतरी लोकांनी आपली पोरे शाळेत घातली. माझ्याकडे पाहायचे मात्र राहून गेले. वडिलांवर माझा राग आहे आणि तो मी सोबत घेऊन जाणार आहे.

२. माझी धाकटी बहीण कमला मॅट्रिक झाली, सरकारी कचेरीत लागली. तेविसाव्या वर्षी मी रायपूरच्या एका पगारी हिंदी नाटक मंडळीत गेलो. दिग्दर्शकाने हातात कागद दिला. मी चष्मा विसरलो म्हणालो, कागद घरी आणला. कमलाने तो चारदा वाचला. दुसऱ्या दिवशी मी सगळे घडाघडा बोललो, आणि माझी निवड झाली. तेव्हापासून माझी प्रत्येक भूमिका कमलाच्या तोंडून माझ्या कानात आली. दौऱ्यावर गेलो की ती सगळ्यांचे संवाद एका सुरात वाचून कॅसेट भरून द्यायची. तिने लग्न केले नाही. काहून, ते मी कधी विचारले नाही.

३. माझा मुलगा लोकेश याला घड्याळ, पेटी आणि बँकेत असेल ते द्यावे. लोकेश, सातवीत तू निकालपत्रक दाखवलेस तेव्हा मी शाबास म्हणालो आणि तू महिनाभर बोलला नाहीस. मी टोमणा मारला असे तुला वाटले. तू नापास झालास हे मला आत्याने नंतर सांगितले. माफ कर.

घर मात्र तुला नाही. समता कॉलोनीतल्या तुझ्या घरून येऊन तू म्हणालास, "बाबा, मकान बेच देते हैं, बुआ को हम रख लेंगे ना." कमलाने आतूनच उत्तर दिले होते, "मले कोणी ठेवायची गरज नाही." ते तू ऐकले नाहीस. मी ऐकले. बूढ़ापाऱ्यातले दोन खोल्यांचे घर ओसरीसकट कमला नत्थू नंदेश्वर हिचे राहील.

४. टेप रेकॉर्डर आणि लोखंडी ट्रंकेतल्या एकेचाळीस कॅसेटी याही कमलाच्याच.

५. सन्मानाची शाल हरिदासला द्यावी. तो विंगेतून संवाद सांगायचा. एकदा तालमीत मी कागद उलटा धरून बसलो होतो. हरिदासने जाता जाता तो सरळ केला आणि जन्मात कोणाला बोलला नाही.

६. आता माझा गुन्हा. राज्य नवे झाले, रायपूर राजधानी झाली, तेव्हा वर्तमानपत्रवाले इथले कलावंत शोधत फिरू लागले. एका मुलीने विचारले, इतके लंबे संवाद याद कैसे करते हैं? मी म्हणालो, "खुद पढ़ता हूँ. तीन बार." रविवारी कमलाने ती मुलाखत ओसरीवर मला वाचून दाखवली. नाटक वाचायची त्याच सुरात. एक शब्द गाळला नाही, माझे हे उत्तरसुद्धा नाही. मग पेपरची घडी केली आणि म्हणाली, "बरं छापलं दादा. आता तूच वाचत जाय."

त्या आठवड्यात नव्या नाटकाचे कागद आले. तिने "ठेव तिथं" म्हटले. ते टीव्हीवर पडून राहिले. मला ‘मी चुकलो’ म्हणता आले असते, एवढे संवाद बोललो, तेवढे दोन शब्द बोलवले नाहीत. अकरा वर्षे मी नवी भूमिका घेतली नाही. लोक म्हणाले, नंदेश्वर निवडक झाले. आम्ही एका ताटलीतले पोहे खातो, भाजीचे भाव बोलतो. त्या रविवारबद्दल बोलत नाही. याने मी आतून खलास झालो आहे.

७. म्हणून माझी शेवटची अट. मी गेल्यावर हे मृत्युपत्र हरिदास आणि मंडळीतल्या लोकांसमोर कमलाने मोठ्याने वाचावे. कोर्टासाठी हिंदी तर्जुमा जोडा, वाचायचे मात्र हेच. तिचे नाव येईल तिथेही तिने काही गाळू नये. माझी सगळी नाटके कमलाने वाचली आहेत.

आजवर मी जी सही करत आलो ते कमलाने गिरवून घेतलेले चित्र आहे. आज ते काढत नाही.

डाव्या हाताचा अंगठा: लहानू नत्थू नंदेश्वर
साक्षीदार: १. मारोती गजभिये २. देवश्री रामटेके
रायपूर, दिनांक १६ सप्टेंबर २०१२

दुरुस्ती, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: पूर्णिमाताई हे मला वाचून दाखवत होत्या तेव्हा कमला चहा घेऊन दारात उभी होती. किती वेळ, ते माहीत नाही. वाचन संपल्यावर तिने कागद मागून घेतले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सगळे मला वाचून दाखवले. सूर तोच. मग म्हणाली, "कलम चारमधे चूक आहे, दादा. बेचाळीस आहेत. ते टीव्हीवर पडलेलं नाटक मी त्याच आठवड्यात कॅसेटीत भरलं होतं. तू मागशील म्हणून वाट पाहून राहिली होती."

कलम चारमध्ये ‘एकेचाळीस’ खोडून ‘बेचाळीस’ असे वाचावे.

अंगठा: लहानू नत्थू नंदेश्वर